दगडाची धार, पोलादाची धार

दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारे बल. ही व्याख्या शिकवताना सुरीचे उदाहरण दिले नाही असा शिक्षक विरळा. धारदार सुरीचे क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब जास्त, म्हणून भाजी लवकर चिरली जाते. विद्यार्थी हे वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि पूर्ण गुण मिळवतात. आम्हीही असेच शिकलो. पुढे काही वर्षे धातूंच्या पृष्ठभागांवर काम करण्यात गेली, तेव्हा कुठे लक्षात आले की या उदाहरणात सुरीची गोष्ट निम्मीच सांगितलेली असते. धार म्हणजे काय, ती येते कशी, टिकते किती वेळ, आणि गेली की परत कशी आणायची, हे त्या व्याख्येत कोठेच नाही. माणसाने मात्र या प्रश्नांवर हजारो वर्षे डोके चालवले आहे, आणि त्याचा एक चांगला मागोवा शिकारीच्या बाणाच्या पात्यावरून घेता येतो.

आधी एक हिशोब करू. शिकारीचा भक्कम बाण साधारण ३२ ग्रॅम वजनाचा असतो. लाकडी धनुष्यातून तो सेकंदाला ५० मीटर वेगाने सुटला असे धरले, तर त्याची गतिज ऊर्जा होते ४० ज्यूल. पॉइंट टू-टू रायफलच्या छोट्याशा गोळीत सुमारे १४० ज्यूल असतात आणि मोठ्या शिकारीच्या रायफलच्या गोळीत साडेतीन हजारांच्या आसपास. ४० ज्यूल म्हणजे नेमके किती, हे मुलांना सांगायचे असेल तर क्रिकेटचा चेंडू घ्यावा. ताशी ८० किलोमीटर वेगाने टाकलेल्या चेंडूत तेवढीच ऊर्जा असते. असा चेंडू बरगडीवर बसला तर माणूस कळवळेल, पण मरणार नाही. मग तेवढ्याच ऊर्जेचा बाण हरीण, रानरेडा, अस्वल यांना कसा लोळवतो?

गोळी मोठ्या प्रमाणात धक्क्याने आणि ऊती फाडून मारते. बाणापाशी धक्का द्यायला ऊर्जाच नसते. तो कापत आत जातो, मोठी रक्तवाहिनी किंवा फुप्फुस छेदतो, आणि जनावर रक्तस्रावाने मरते. म्हणून शिकारीच्या बाणाला नुसते टोक असून भागत नाही, त्याला दोन्ही कडांनी धार असलेले रुंद पाते लागते. इंग्रजीत त्याला ब्रॉडहेड म्हणतात. चिलखत भेदण्यासाठी मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सुयासारखी निमुळती, चौकोनी टोके वापरीत. हरणासाठी आणि घोड्यासाठी रुंद पाती. पात्याच्या दर्जाचा प्रश्न तेव्हाही इतका महत्त्वाचा होता, की चौथ्या हेन्रीच्या काळात, १४०६ च्या सुमारास, बाणाची टोके पोलादाने नीट कडक केलेली असावीत आणि त्यांवर घडवणाऱ्याची खूण असावी, असा कायदाच झाला.

आमची गोष्ट मात्र इंग्लंडमधली नाही. ती कॅलिफोर्नियातली आहे, आणि तिच्यात दोन माणसे आहेत.

पहिला माणूस २९ ऑगस्ट १९११ रोजी ओरोव्हिल गावाजवळच्या कत्तलखान्याच्या कुंपणापाशी सापडला. वय पन्नाशीच्या आसपास, अंगावर जेमतेम एक चिंधी, उपासमारीने खंगलेला. तो याही जमातीचा होता. १८४९ च्या सुमारास सोन्याच्या शोधात गोऱ्यांचे लोंढे कॅलिफोर्नियात आले, आणि पुढच्या वीस वर्षांत कत्तली, उपासमार व रोगराई यांनी ही जमात जवळजवळ संपली. उरलेली मूठभर माणसे डीअर क्रीकच्या दऱ्याखोऱ्यांत चाळीस वर्षे लपून राहिली. १९०८ साली मोजणीला आलेल्या एका तुकडीला त्यांची वस्ती सापडली. तिने तिथल्या वस्तू, हत्यारे, पांघरुणे उचलून नेली. त्यानंतर तीन वर्षांनी शेवटचा उरलेला हा माणूस एकटाच गावाकडे आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मानवशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर आणि टी. टी. वॉटरमन यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणले. आपले नाव स्वतः सांगू नये अशी त्याच्या लोकांची रीत होती, त्यामुळे क्रोबरने त्याला 'इशी' म्हटले. याना भाषेत याचा अर्थ नुसता 'माणूस'. त्याचे खरे नाव आजही कोणाला ठाऊक नाही.

दुसरा माणूस डॉ. सॅक्स्टन पोप. संग्रहालयाला लागूनच विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय होते आणि पोप तिथे शल्यचिकित्सा शिकवत. इशीची प्रकृती तपासण्याच्या निमित्ताने ओळख झाली, आणि धनुष्यबाणाच्या निमित्ताने ती मैत्री बनली. शल्यविशारदाला धारेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. पोपने इशीकडून धनुष्य घडवणे, बाण सरळ करणे, जनावराच्या मागावर जाणे हे सारे शिकून घेतले आणि त्यावर १९१८ साली 'याही आर्चरी' हा प्रबंध लिहिला. पुढे १९२३ साली त्याचे 'हंटिंग विथ द बो अँड अ‍ॅरो' हे पुस्तक आले. अमेरिकेत हाताने बाण घडवून शिकार करण्याची हौस पुन्हा रुजली ती बव्हंशी या पुस्तकामुळे.

इशी बाणाचे टोक कसे करी, याचे पोपने केलेले वर्णन कोणत्याही विज्ञानशिक्षकाने वाचण्यासारखे आहे. साहित्य म्हणजे ऑब्सिडियन, अर्थात ज्वालामुखीतून बाहेर पडून झटकन थिजलेली नैसर्गिक काच. ती न मिळाल्यास गोऱ्यांच्या उकिरड्यावरची बाटली. तपकिरी, हिरवी, निळी, कोणतीही काच त्याला चाले. मोठ्या गोळ्यातून आधी ठोकून पातळ कपच्या काढायच्या. मग डाव्या तळहातावर चामड्याचा तुकडा ठेवून त्यात कपची धरायची. उजव्या हातात वीतभर लांबीची काठी, आणि तिच्या टोकाला बांधलेले हरणाच्या शिंगाचे अणकुचीदार टोक. पुढे संग्रहालयात राहू लागल्यावर शिंगाऐवजी तो मऊ लोखंडाचा खिळा पसंत करू लागला. हे टोक कपचीच्या कडेवर टेकवून दाबायचे, आणि दाब पुरेसा झाला की मनगटाला हिसका द्यायचा. चट् असा आवाज होऊन खालच्या बाजूने एक चिमुकली कपची उडते. मग कपची उलटी करून दुसऱ्या बाजूने तेच. अर्ध्या तासात तो पारदर्शक, पानासारखे रेखीव टोक करून हातावर ठेवी. कण उडून डोळ्यात गेला तर डोळा चोळत नसे. डाव्या तर्जनीने खालची पापणी ओढून धरी, खाली वाकून जमिनीकडे पाही, आणि उजव्या हाताने स्वतःच्या टाळूवर जोराने एक थाप मारी. एका शल्यविशारदाने हा उपाय गंभीरपणे टिपून ठेवला आहे, याचे आम्हाला फार कौतुक वाटते.

आता यातले विज्ञान. मीठ किंवा अभ्रक ठरावीक प्रतलांवर फुटते, कारण स्फटिकात अणूंच्या रांगा असतात आणि काही दिशांनी त्या कमकुवत असतात. काचेत अशा रांगाच नाहीत. तडा कोठे जाणार हे बलाची दिशा आणि पृष्ठभागाचा आकार ठरवतात. शिंपल्याच्या पाठीसारखे वळसे असलेला जो गुळगुळीत भंग काचेत दिसतो, तो यामुळेच. असे दोन भंग जिथे एकमेकांना छेदतात तिथे कड तयार होते, आणि तिची जाडी काही नॅनोमीटर इतकी कमी असू शकते. दाढीच्या उत्तम पात्याची कडसुद्धा याहून पुष्कळ जाड असते. म्हणजे इशी धार 'लावत' नव्हता. जिथे हवी तिथे काचेला फुटायला लावून तो धार मोकळी करत होता.

यात एक गमतीची अडचण आहे. कड फार पातळ असेल तर दाब देताच ती चुरगळते आणि हवी तशी लांब कपची निघत नाही. म्हणून दगड घडवणारे कारागीर पुढची कपची काढण्याआधी कड दगडावर घासून मुद्दाम बोथट करतात. धार आणण्यासाठी आधी धार मोडावी लागते.

ही विद्या परकी आहे असे मात्र समजू नये. दख्खनच्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांत चाल्सेडनी मिळते. नदीच्या पात्रात मुले ज्या चकचकीत गारगोट्या गोळा करतात, त्यांतल्या बऱ्याच याच असतात. तीही शिंपल्यासारखीच फुटते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी केलेली चाल्सेडनीची लांब पाती मोठ्या संख्येने सापडली. विद्यार्थ्यांना काच फोडून दाखवण्याचा मोह शिक्षकांनी टाळावा. गारगोटीचा जुना भंग भिंगाखाली दाखवला तरी वळसे दिसतात.

दगडाच्या धारेत मोठा दोष एकच: ती टिकत नाही. हाडावर आपटली की टवका उडतो. टवका उडाला की पुन्हा शिंग घेऊन बसायचे, आणि दर वेळी टोक थोडे लहान होते. आल्प्स पर्वतात १९९१ साली बर्फात जो ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस सापडला (त्याला ओएत्झी म्हणतात), त्याच्या सामानात जाड पेन्सिलीसारखी एक लाकडी कांडी होती. तिच्या मध्यात शिंगाची कांब बसवलेली होती आणि टोकाला ती जेमतेम बाहेर आलेली होती. पेन्सिल तासावी तशी कांडी तासली की शिंग पुन्हा बाहेर येई. हे गारेच्या हत्यारांची धार ताजी करण्याचे साधन होते. संशोधकांनी त्याची हत्यारे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून २०१८ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांवरून दिसते की ती पुनःपुन्हा धार काढून काढून अगदी लहान झाली होती. त्याच्या भात्यात चौदा काड्या होत्या, पण टोके बसवून तयार असे बाण दोनच. चांगला दगड मिळून बरेच दिवस झाले असावेत.

त्याचे मरणही आपल्या विषयातलेच आहे. २००१ साली क्ष-किरण चित्रात त्याच्या डाव्या खांद्यात गारेचे बाणाग्र दिसले, आणि पुढच्या तपासणीत कळले की त्याने खांद्याखालून जाणारी मोठी रोहिणी छेदली होती. जेमतेम दोन सेंटिमीटरचा दगड, आणि माणूस रक्तस्रावाने गेला. वर केलेल्या हिशोबाचा याहून स्पष्ट पुरावा शोधूनही सापडणार नाही.

पुन्हा पोपकडे येऊ. दगडाचे टोक चांगले की पोलादाचे, हा वाद त्याने प्रयोगाने सोडवायचे ठरवले. एका खोक्याच्या उघड्या बाजूवर हरणाचे ताजे कातडे ठोकले, आत गुराचे यकृत भरले, आणि एकाच धनुष्याने दोन्ही प्रकारचे बाण मारून पाहिले. ऑब्सिडियनचे टोक पोलादापेक्षा खोल गेले. त्याच भरात त्याने संग्रहालयातले दमास्कसचे जुने साखळीचे चिलखतही तपासून घेतले. संग्रहालयातला एक नोकर ते अंगात घालून उभा राहायला तयार होता. पोपने सुदैवाने ते लाकडी खोक्यावर चढवले आणि निमुळत्या पोलादी टोकाचा बाण सोडला. ठिणग्या उडाल्या, बाण चिलखताच्या पाठीतून आरपार गेला, आणि नोकराचा चेहरा पांढराफटक पडला.

दगड खोल गेला, तरी स्वतः शिकारीला जाताना पोपने पोलादच घेतले. हाडावर आदळल्यावर ऑब्सिडियनचे तुकडे होतात. पोलाद वाकेल किंवा बोथट होईल, पण ते परत वापरता येते. त्याचा जोडीदार आर्थर यंग आणि तो दोघे पोलादी पत्र्यातून त्रिकोणी पाती कापीत, धातूच्या नळीत बसवून डाखाने पक्की करीत, आणि कानशीने धार लावीत. भात्याच्या कडेला एक छोटी कानस असेच. १९२० साली या दोघांनी यलोस्टोनमध्ये परवानगी घेऊन कॅलिफोर्नियातल्या एका विज्ञानसंस्थेच्या संग्रहासाठी ग्रिझली अस्वले मारली ती याच पात्यांनी. आज ती गोष्ट वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो केवळ धाडसामुळे नाही.

पोलादाला हाताने धार लावणे म्हणजे नक्की काय, हे समजून घेण्यासाठी आम्ही स्वतः एक पाते करून पाहिले. मारण्याची इच्छा नव्हती आणि तशी मुभाही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. हेतू धारेचा होता. पहिल्यांदा आम्ही लोखंड कापायच्या हॅकसॉचे जुने पाते घेतले. कानस त्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरली. हॅकसॉचे पाते कानशीइतकेच कठीण असते, हे प्रयोगशाळेत शंभर वेळा मोजूनही हातात येईपर्यंत आठवले नाही. मग सुताराची जुनी करवत मिळवली. सुताराला आपल्या करवतीचे दात कानशीने घासावे लागतात, म्हणून तिच्या पोलादाला पाणी देऊन झाल्यावर ते पुन्हा बेताने तापवून थोडे नरम केलेले असते. कानस लागावी इतपत नरम, वाकून पूर्ववत व्हावे इतपत कडक. हाताने बाण घडवणारे अनेक जण जुन्या करवतींचीच पाती का वापरीत, हे एका दुपारी समजले.

पाते लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून कानस एकाच दिशेने, धारेकडे, पुढे लोटायची. मागे आणताना उचलायची. कोन बदलू द्यायचा नाही, हीच सारी विद्या. दोन्ही बाजू मिळून चाळीस ते पन्नास अंशांचा कोन बऱ्याच जणांना मानवतो. दाढीच्या पात्याचा कोन याच्या निम्म्याहूनही कमी असतो, मग इथेही तसाच का नको? आम्हीही तोच शहाणपणा केला आणि पहिले पाते फार निमुळते घासले. जाडजूड हाडावर दाबून पाहिले तर कड चक्क दुमडली. पातळ पाचर सहज शिरते आणि सहज मोडते. कोन ठरवणे म्हणजे या दोहोंमधला सौदा.

कानस चालत राहिली की पलीकडच्या कडेला बोटाच्या पेराला खरखर जाणवते. धातूची अतिशय पातळ झालर तिकडे वळलेली असते. कारखान्यातले लोक तिला 'बर' म्हणतात. ती संपूर्ण लांबीवर जाणवली म्हणजे त्या बाजूचे काम कडेपर्यंत पोहोचले. मग पाते उलटवायचे. झालर इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि दर वेळी हात हलका. नवशिक्याला झालरच धार वाटते. तिने कागद सुरेख कापला जातो, पण पहिल्याच आघाताला ती मुडपते आणि खाली बोथट कड उघडी पडते. शेवटी ती काढायची असते. त्यासाठी तेल टाकून निसण्यावर पाते अलगद फिरवतात आणि मग चामड्यावर उलट दिशेने ओढतात. न्हाव्याचा चामडी पट्टा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. मनगटावरचे केस निघतात का, किंवा ताणलेला रबरबँड नुसत्या स्पर्शाने तुटतो का, यावरून परीक्षा होते.

दगडाची आणि पोलादाची धार यांतला मूळ फरक इथे दिसतो. काचेची धार एका भंगाने, एका क्षणात, परिपूर्ण जन्मते आणि त्यानंतर फक्त बिघडत जाते. पोलादाची धार म्हणजे ओरखड्यांचा उतरता क्रम. कानशीचे दात मोठे ओरखडे काढतात, निसणा बारीक काढतो, चामडे त्याहून बारीक. ती कधीच काचेइतकी पातळ होत नाही, पण पुन्हा पुन्हा तिथपर्यंत आणता येते.

निसण्यापर्यंत जायचेच कशाला, असाही एक पक्ष आहे. विसाव्या शतकातला नामांकित धनुर्धर हॉवर्ड हिल कानशीच्या धारेचा पुरस्कर्ता होता. कानशीने सोडलेले सूक्ष्म दाते करवतीसारखे कापतात, असे या पक्षाचे म्हणणे. टोमॅटोवर हे पडताळून पाहता येते. किंचित दातेरी सुरी साल झटकन पकडते, आणि गुळगुळीत सुरी अगदी ताजी धार असल्याशिवाय सालीवरून निसटते. त्याच टोमॅटोवर आणखी एक गोष्ट पाहावी. सुरी सरळ खाली दाबली तर पुष्कळ जोर लागतो, आणि ओढत दाबली तर फारच थोडा. वर्गातल्या दाबाच्या व्याख्येत ही ओढ बसत नाही. बाणाचे पाते रुंदीच्या मानाने लांब आणि तिरकस कडांचे ठेवतात ते याचसाठी. बाण सरळ पुढे जातो, पण त्याची कड ऊतींवरून ओढत जाते.

दाते की गुळगुळीतपणा, या वादात आमचा कल निसण्याकडे आहे, आणि त्याचे कारण रक्ताच्या गोठण्यात आहे. रोहिणी चिरडली किंवा फाटली की तिच्या भिंती आत आखडतात, आसपासच्या दुखावलेल्या ऊतींतून गोठण्याची प्रक्रिया सुरू करणारी द्रव्ये मोठ्या प्रमाणात बाहेर येतात, आणि रक्त लवकर थांबते. अपघातात अवयव चिरडला जाऊनही कधी कधी रक्त फारसे जात नाही, हे शल्यविशारदांना परिचित आहे. उलट, नव्या पात्याने दाढी करताना झालेला नखाएवढा काप किती वेळ वाहतो, हे आपण सगळेच जाणतो. स्वच्छ कापला गेलेला प्राणी थोड्या अंतरावर कोसळतो. बोथट पात्याने फाटलेला प्राणी रक्ताचा माग न ठेवता मैलोगणती पळतो आणि दिवसेंदिवस कुढत मरतो. नेम चुकला तर बाण वाया जातो, धार चुकली तर जनावराचे हाल होतात. धार लावण्यात आळस करणाऱ्याने शिकारीला जाऊ नये, हा जुन्या धनुर्धरांचा दंडक या कारणाने होता, आणि शिकार न करणाऱ्या आमच्यासारख्यांनाही तो पटतो.

तरी आळसावर उपाय निघालाच. १९५६ साली फ्रेड बेअर याने आपले 'रेझरहेड' बाजारात आणले. मुख्य पात्याच्या खाचेत आडवे सरकवायचे दाढीच्या पात्यासारखे दुसरे पाते, अशी त्याची रचना. १९७० च्या दशकापासून सगळीच पाती बदलता येतील अशी टोके मिळू लागली. बोथट झाले, टाकून द्या. हाताने धार लावणारे तरीही उरले. त्यांत हौसेचा भाग आहेच, पण जाड, एकसंध पाते हाडाला टिकते आणि डब्यातून आलेली धार भात्यात घासूनही जाते, हेही आहे.

या इतिहासाला आधुनिक प्रयोगांनी एक धक्काही दिला. २००९ साली अमेरिकन पुरातत्त्वज्ञांच्या एका गटाने तासलेल्या लाकडी टोकाचे आणि दगडी टोकाचे बाण यंत्राने सोडून, कातड्याने मढवलेल्या जिलेटिनवर त्यांची तुलना केली. दगड लाकडापेक्षा फक्त दहा टक्के खोल गेला. मग एवढा खटाटोप करून माणसाने दगड का घडवला? २०१४ साली भाल्यांवर केलेल्या अशाच प्रयोगात उत्तराचा एक धागा मिळाला. तिथेही खोलीत फायदा नव्हता, पण दगडी टोकाने आतली जखम बरीच मोठी केली. पोपने मोजली ती खोली. मोजायला हवी होती, निदान तिच्याइतकीच, कापलेली रुंदी. प्रयोग चोख असूनही राशीच अपुरी निवडली, असे आपल्या प्रयोगशाळांतही घडत असते.

इशीच्या टोकांनीही तज्ज्ञांना असाच चकवा दिला होता. १९९० च्या दशकात स्टीव्हन शॅक्ली याने त्यांची मापे घेऊन ती याही वस्त्यांत सापडलेल्या टोकांशी ताडून पाहिली. इशीची टोके लांब, खाचा वेगळ्या, आणि ठेवण शेजारच्या विंटू व नोमलाकी लोकांच्या टोकांशी जुळणारी निघाली. ज्याला सगळे शुद्ध याही परंपरेचा शेवटचा वारस समजत होते, त्याने ही विद्या कदाचित परजमातीतल्या नातलगाकडून घेतली असावी. जमात संपत आली की माणसे शत्रूंतही लग्ने करतात. हातांच्या सवयींनी ते ऐंशी वर्षे सांभाळून ठेवले.

ऑब्सिडियनची धार पुढे शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतही पोहोचली. डॉन क्रॅबट्री हा दगड घडवण्याची जुनी तंत्रे पुन्हा शोधणारा अमेरिकन. १९७५ साली त्याच्या छातीची शस्त्रक्रिया त्याने स्वतः काढलेल्या ऑब्सिडियनच्या पात्यांनी करवून घेतली. शल्यविशारद पोप हे पाहायला नव्हता. तो १९२६ सालीच, एक्कावन्नाव्या वर्षी वारला होता.

पोप आणि शस्त्र यांचा एक प्रसंग मात्र सांगितला पाहिजे, तो टाळून ही गोष्ट पुरी करणे आम्हाला बरे वाटत नाही. संग्रहालयात इशीला क्षय झाला आणि २५ मार्च १९१६ रोजी तो गेला. मृतदेहाची चिरफाड त्याला मुळीच मान्य नव्हती. वैद्यकीय महाविद्यालयात विच्छेदनाची खोली एकदा दृष्टीस पडल्यापासून तो हे बोलून दाखवी. क्रोबर त्या वेळी न्यूयॉर्कला होता. शवविच्छेदन होऊ देऊ नका, विज्ञानाच्या नावाखाली तर मुळीच नको, असे त्याने निकराने लिहून कळवले. पत्र पोहोचण्याआधीच विच्छेदन झाले होते, आणि मेंदू काढून ठेवलेला होता. ज्याने इशीला मित्र मानले, त्याच्याकडून धार शिकली, त्या पोपचा यात पुढाकार होता. देहाचे दहन झाले. पुढच्या वर्षी क्रोबरने, तोच क्रोबर ज्याने ते पत्र लिहिले होते, मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवून दिला.

तिथे तो ऐंशीहून अधिक वर्षे राहिला. तो तिथे असल्याचे १९९९ साली उघड झाले. ऑगस्ट २००० मध्ये स्मिथसोनियनने तो याना लोकांशी रक्ताचे नाते असलेल्या रेडिंग रँचेरिया आणि पिट रिव्हर या जमातींच्या स्वाधीन केला. रक्षा आणि मेंदू त्यांनी एकत्र पुरले, आणि जागा कोणाला सांगितली नाही. १९१६ साली दहनाच्या वेळी मित्रांनी शवपेटीत एक धनुष्य, पाच बाण, ओकच्या फळांच्या पिठाची टोपली, थोडी तंबाखू आणि ऑब्सिडियनच्या काही कपच्या ठेवल्या होत्या. कपच्या न घडवलेल्या होत्या. त्यांचे काय करायचे हे ज्याला ठाऊक होते, त्याच्याबरोबर त्या गेल्या.